पियानो शिकणारे मूल आणि घरची माणसे

गाणे किंवा पेटी शिकणाऱ्या मुलाच्या घरी कुणाला ना कुणाला सुरांतले थोडेफार कळत असते. आजोबा भजनाला बसत असतात, आईने लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या दोन परीक्षा दिलेल्या असतात. निदान शेजारचे काका तरी 'अरे, तिथे कोमल निषाद हवा' एवढे खिडकीतून सांगून जातात. पियानो शिकणाऱ्या मुलाचे तसे नाही. ते मूल आठवड्यातून एकदा बाईंकडे अर्धा तास जाते, पाच-पाच रेघांचे एक पुस्तक घेऊन घरी येते, आणि मग सहा दिवस त्या पुस्तकाशी एकटेच झगडते. घरात त्याची भाषा कुणालाच येत नाही. अशा वेळी घरच्यांनी काय करावे, हा आमचा आजचा विषय आहे. 'आपल्याला त्यातले काय कळते' म्हणून पुष्कळ आईबाप हात झटकतात. उरलेले घड्याळ घेऊन मुलाच्या मागे उभे राहतात. आम्ही दुसऱ्या वर्गातले होतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याची हकिकत पुढे येईलच.

पहिल्याने हे वाद्य आहे तरी काय, ते पाहू. पेटीचा भाता चालू असेतो आणि पट्टी दाबलेली असेतो सूर वाजत राहतो. पियानोत वारा नाही, तारा आहेत. पट्टी दाबली की आत नमद्याची एक हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. बोट पट्टीवर तसेच ठेवले तरी सूर हळूहळू विरत जातो. बोट उचलले की नमद्याचीच एक गादी तारेवर बसून तिला गप्प करते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इसवी सन १७०० च्या सुमारास ही युक्ती काढली. तिचा मोठा गुण असा की बोट हलके पडले तर सूर हलका, जोरात पडले तर मोठा. त्या वाद्याच्या मूळ नावाचा अर्थच 'हळू आणि मोठ्याने' असा आहे, आणि 'पियानो' हा त्यातला 'हळू' तेवढा आपल्याकडे पोचला. आजच्या पूर्ण पियानोत ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या मिळून ८८ पट्ट्या असतात. तारा दोनशेच्या वर, आणि त्या सर्वांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. म्हणून तर त्याला लोखंडी चौकट लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. आज बहुतेक घरांत शिकण्याची सुरुवात विजेच्या कीबोर्डवर होते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या कीबोर्डच्या पट्ट्या खेळण्यासारख्या हलक्या असतात आणि कशाही दाबल्या तरी सारखाच आवाज देतात, त्यावर मूल स्वरांच्या जागा शिकते, स्वर काढायला शिकत नाही. बाईंकडच्या खऱ्या पियानोवर त्याची बोटे पट्टीत अर्धीच बुडतात आणि घरी बिनचूक येणारी गत तिथे मुक्याने वाजते. मूल रडवेले होते, बाई म्हणतात सराव केलेला नाही, आणि आई म्हणते रोज केला आहे. दोघीही खरे बोलत असतात. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर शंभर प्रकारचे आवाज काढणारे यंत्र घेऊ नये. पट्ट्यांना वजन असलेले, बोटाच्या जोराप्रमाणे लहानमोठे बोलणारे साधे यंत्र घ्यावे. जुना पियानो घेतल्यास आधी सूर लावणाऱ्या माणसाला बरोबर नेऊन दाखवावा. वरचे पॉलिश चकचकीत आणि आतल्या खुंट्या सैल, अशी वाद्ये पुष्कळ असतात. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो. जुन्या घरांतून पियानोच्या पोटात एक लहानसा दिवा लावून ठेवीत, ते या ओलीसाठीच.

आणि बैठक! मोठ्यांच्या स्टुलावर मूल बसवले की त्याची कोपरे पट्ट्यांच्या खाली जातात आणि पाय अधांतरी लोंबतात. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला यावे आणि पाय कशावर तरी टेकावेत, यासाठी एक पाट आणि दोन घट्ट उशा पुरतात. घरच्या माणसाला स्वरांतले काहीही न कळता ही एक मदत पहिल्याच दिवशी करता येते.

आता मुलाच्या अडचणी. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, तेव्हा गाणे सगळे उजव्या हाताचे. पियानोवर दोन्ही हातांना स्वतंत्र काम आहे, आणि पुस्तकातही दोन मजली ओळ असते: वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्याची. मुलाला दोन्ही ओळी एकाच वेळी वाचावयाच्या असतात. डग्गा-तबला शिकलेल्याला याची थोडी कल्पना येईल. प्रत्येक हात एकेकटा बरोबर वाजतो आणि एकत्र आणले की दोन्ही बिघडतात; यात मुलाचा आळस नसतो, ती या विद्येची पायरीच आहे. त्यातून बोटांना क्रमांक: आंगठा १ आणि करंगळी ५, दोन्ही हातांना तसेच. पांढरी एकपासून सरळ सप्तक वाजवताना उजव्या हाताची आंगठा, तर्जनी आणि मधले बोट ही तीन बोटे संपली की आंगठा तळहाताखालून सरकून चौथ्या स्वरावर जातो. ही गोष्ट आज पहिल्या वर्षी शिकवतात. पण योहान सेबास्टियन बाखच्या मुलाने, कार्ल फिलिप इमानुएलने, १७५३ साली लिहिलेल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की आपल्या वडिलांच्या लहानपणी मोठमोठे वादकही फार लांबची पट्टी गाठण्यापलीकडे आंगठा वापरीत नसत. तेव्हा आठ वर्षांच्या पोराचा आंगठा अडखळला तर त्यात नवल नाही.

अनामिकेचे दुखणे आणखी निराळे. वाचता वाचताच करून पाहा: तळहात टेबलावर ठेवा, मधले बोट आत दुमडा, आणि आता अनामिका वर उचला. उचलत नाही. त्या बोटांचे स्नायुबंध एकमेकांशी जोडलेले असतात. ही शरीराचीच रचना आहे. कितीही रागावले तरी ते बोट तर्जनीइतके मोकळे होणार नाही. रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणीच निकामी झाला आणि त्याला वादकाचा पेशा सोडावा लागला. बोटे बळकट करण्याच्या एका यंत्राला त्याचा दोष देतात. वैद्यांत मात्र त्याविषयी मतभेद आहेत. ते काही असो. मूल 'बोट दुखते' म्हणाले तर त्या दिवशी वाद्य बंद, या नियमाला अपवाद करू नये.

घरच्या जाणकारांकडून एक घोटाळा हमखास होतो, तो षड्जाचा. आपला 'सा' कुठेही बसतो. गाणाऱ्याचा गळा काळी एकचा असेल तर काळी एक हाच सा. आजोबा नातीला सांगतात, 'ही पांढरी एक म्हणजे सा, पाठ कर.' पुढे तिला जी गत येते तिचा षड्ज पांढरी पाचवर असतो आणि निषाद काळी तीनवर. आता नात म्हणते हा 'फ शार्प', आजोबा म्हणतात हा तीव्र मध्यम, आणि दुपार त्यातच जाते. यावर उपाय सोपा आहे. बाईंनी दिलेली नावे ही पट्ट्यांची कायमची नावे. आपला सा हे स्वरांचे नाते. दोन्ही खरी. मुलाला आधी पट्टीची नावे पक्की करू द्यावीत. मग आजोबांनी विचारावे, 'यात तुझा सा कुठे आहे, गाऊन दाखव पाहू.' या प्रश्नाचे उत्तर मूल जेव्हा कानाने शोधते तेव्हा आजोबांची विद्या त्याच्या खरी उपयोगी पडते.

आता आमच्या घरची हकिकत. आमची मुलगी सातव्या वर्षी पियानो शिकू लागली. आम्ही उभयता शिस्तीचे. रोज सायंकाळी चाळीस मिनिटे, समोर घड्याळ. वाजवणे चुकले की स्वयंपाकघरातून हाक जाई, 'चुकलं! पुन्हा पहिल्यापासून.' आम्हाला स्वरलेखन वाचता येत नव्हते, पण चुकले हे ऐकू येत होते, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला मास्तर समजत होतो. तिसऱ्या वर्षी शिकवणीच्या दिवशी तिचे पोट दुखू लागले. चौथ्या वर्षी पियानो बंद झाला. ती मोठी झाली, संसाराला लागली. एकदा माहेरी आली असता तिने झाकण उघडून ग मेजरमधला तो सुप्रसिद्ध मिन्युएट वाजवला. पहिले सोळा बार स्वच्छ. नंतरचे सोळा मुळीच नाहीत. आम्ही म्हटले, विसरलीस वाटते. ती म्हणाली, 'विसरायला आधी यावं लागतं. पुढच्या भागापर्यंत तुम्ही मला कधी जाऊच दिलं नाही.'

तिचे बोलणे आम्हाला लागले, आणि मग आम्ही हिशेब केला. चूक झाली की पहिल्यापासून, असे केले तर गतीचा आरंभ चाळीस वेळा वाजतो, मध्य दहा वेळा, आणि शेवट दोन वेळा. जो भाग सोपा तोच घोटला जातो. अवघड भागाशी मूल दरवेळी दमून आणि धास्तावून पोचते, तिथेच पुन्हा चुकते, आणि ती चूकच पाठ होते. त्या मिन्युएटचे पाहा. पहिला भाग पांढरी पाचच्या सप्तकात सरळ चालतो. दुसऱ्या भागात तो पांढरी दोनच्या सप्तकाकडे वळतो, काळी एक लागू लागते, हाताची ठेवण बदलते. म्हणजे सराव हवा होता तिथे. कोणत्याही चांगल्या शिक्षकाला हे ठाऊक असते. ठाऊक नसते ते आईबापांना, आणि सहा दिवस मूल आईबापांच्या हाती असते. शेवटच्या चार बारांपासून सुरुवात करावी, मग त्याआधीचे चार जोडावेत. असे केले म्हणजे वाजवणारा नेहमी परक्या मुलखातून ओळखीच्या मुलखाकडे चालत येतो. अडलेला तुकडा दोनच बारांचा असू द्यावा. आधी एक हात, मग दुसरा, मग दोन्ही; आणि इतका सावकाश की चूक करायलाच सवड नको. तीन वेळा नीट आला की तो त्या दिवसापुरता झाला. लहान मुलाला पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ, पण रोज. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांची ओळख मधल्या झोपांतही पक्की होत असते.

जाता जाता, तो मिन्युएट बाखचा म्हणून जगभर मुले वाजवतात. बाखची पत्नी आन्ना माग्दालेना हिच्यासाठी १७२५ साली सुरू केलेल्या घरगुती वहीत तो आहे खरा. पण तो ड्रेसडेनच्या क्रिस्टियान पेट्सोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे असे १९७० नंतरच्या दशकात ध्यानात आले. घरातल्या वहीत आवडलेले दुसऱ्याचे गाणे उतरवून ठेवणे आपल्याकडेही चालतेच.

या घरगुती वह्यांची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. बाखने थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा असताना, २२ जानेवारी १७२० रोजी, त्याच्यासाठी एक वही घातली. आरंभी स्वरांच्या खुणा, मग बोटांचे क्रमांक घातलेला एक छोटा तुकडा, मग हळूहळू वाढत जाणाऱ्या रचना. आज ज्या 'इन्व्हेन्शन्स' म्हणून थोर मानल्या जातात त्या आधी या पोराच्या वहीत उतरल्या. लिओपोल्ड मोझार्टने १७५९ साली आपल्या मुलीसाठी, नानेर्लसाठी, अशीच वही केली. धाकटा वोल्फगांग तीच वही वाजवू लागला, तेव्हा बापाने एका मिन्युएटखाली नोंद केली: हा वोल्फगांगने २६ जानेवारी १७६१ रोजी, पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, साडेनऊ वाजता अर्ध्या तासात शिकला. काय चुकले याची नोंद नाही. काय आले त्याची आहे. (रात्री साडेनऊला चार वर्षांचे पोर जागे का, हे विचारायला आपल्यातली एखादी आजी तिथे हवी होती.) मात्र याच घरात नानेर्ल उपवर झाली तशी १७६९ नंतर तिला दौऱ्यांवर नेणे थांबले, वही जिच्यासाठी घातली ती घरी राहिली. मुलगा आणि मुलगी दोघे शिकत असतील तिथे ही गोष्ट आपण आठवावी.

उलट बाजूचेही दाखले आहेत. बीथोव्हेनच्या बापाने मुलगा सात वर्षांचा असताना २६ मार्च १७७८ रोजी कोलोन येथे त्याचे वादन ठेवले आणि जाहिरातीत वय सहा सांगितले; दुसरा मोझार्ट घडवायची घाई. फ्रीडरिख वीकची गोष्ट तर अधिक विचार करण्यासारखी. त्याने मुलगी क्लारा हिला स्वतः शिकवले आणि उत्तम शिकवले. नवव्या वर्षी, १८२८ साली, ती लाइप्झिगच्या ग्येवांडहाउसमध्ये लोकांपुढे वाजवू लागली. पण तिच्या नावाची जी रोजनिशी होती ती बापच लिही, आणि 'मी आज असे वाजवले' असे तिच्या तोंडचे 'मी' घालून लिही. पुढे शूमानशी लग्न करण्यासाठी तिला बापाविरुद्ध न्यायालयात जावे लागले आणि १८४० साली लग्न झाले. 'आमच्या तिसऱ्या श्रेणीची तयारी चालू आहे' असे जेव्हा एखादी आई सांगते तेव्हा आम्हाला ती रोजनिशी आठवते. हाच शूमान बाप झाल्यावर त्याने १८४८ साली थोरल्या मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही चिमुकल्या रचना केल्या. त्यांतून ४३ तुकड्यांचा 'मुलांसाठी अल्बम' तयार झाला, आणि आजही जगातली मुले त्यावर शिकतात. आपल्याला रचना करता येत नाहीत, ठीक आहे. दोन रुळांची एक वही आणून तारीख घालून 'आज डावा हात एकट्याने आला' एवढे लिहिता येते. लिहावे मात्र मुलाने; आपण फक्त विचारावे.

परीक्षांविषयी आमचे मत बऱ्याच जणांना रुचणार नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणीवार परीक्षा आपल्या शहरांतही होतात, आठ श्रेणी असतात, आणि त्यांची प्रमाणपत्रे दिवाणखान्यात लावण्याजोगी असतात. परीक्षेने शिस्त येते हे खरे. पण परीक्षेला मोजक्याच गती लागतात, आणि वर्षभर त्याच घोटल्या की वर्षाअखेर मुलाला तेवढ्याच येतात. नवे पान समोर ठेवले तर ते वाचता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत मुलांना आधी स्वरलेखन वाचून गाण्याची सवय लावीत. तिथून निघालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत समोर कागद आला की वाजवीत, आणि त्यांच्यातलेच कित्येक इतरांसाठी कागद लिहीत. ती पुंजी वाचण्याची होती. म्हणून परीक्षा एक वर्षाआड द्यावी, आणि मधल्या वर्षी सोप्यात सोप्या तीस-चाळीस गती नुसत्या वाजवून सोडून द्याव्यात, असे आम्ही सुचवतो.

मुलाने आपली गाणी वाजवली तर? अंगाई, एखादी आरती, सिनेमातले गाणे? काही शिकवण्यांत याला नाक मुरडतात. मींड पियानोवर निघत नाही, श्रुतींचे बारकावे निघत नाहीत, हे खरे. पण ते पेटीवरही निघत नाहीत आणि आपण पेटीला घरात घेतलेच. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने शेतकऱ्यांची गाणी गावोगाव हिंडून गोळा केली आणि १९०८-०९ च्या सुमारास त्यांवरूनच मुलांसाठी पियानोचे तुकडे बांधले. त्याचा मुलगा पेटर शिकू लागला तेव्हा 'मिक्रोकोस्मोस' या १५३ तुकड्यांच्या मालेतले पहिले दोन भाग त्याने त्याला अर्पण केले. मग आमच्या पोराने आजीच्या ओवीची चाल कानाने शोधून उजव्या हाताने वाजवली, आणि डाव्या हाताने तिच्याखाली नुसते षड्ज-पंचम धरले, तर त्यात कमीपणा कसला? कान तयार होतो तो असाच.

जपानचे शिनिची सुझुकी लहान मुलांना व्हायोलिन शिकवताना आईला शिकवणीस बसवीत आणि आधी तिच्याही हाती वाद्य देत. आपल्याकडे प्रत्येक आईला वा बापाला हे जमेल असे नाही. पण एकदा तरी त्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी निरनिराळे वाजवून पाहावे. आम्ही मुलीचे झाल्यावर, उशिरा, पाहिले. चार बार यायला आम्हाला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत स्वयंपाकघरातून कुणी 'चुकलं' म्हटले असते तर आम्ही झाकणच लावून टाकले असते.

राहिला सोडण्याचा प्रश्न. बारा-तेराव्या वर्षी, शाळेचा अभ्यास वाढला की, मूल एक दिवस म्हणते, 'मला नको आता.' त्या दिवशी हो किंवा नाही काहीच म्हणू नये. आधी पाहावे, वाद्य नको आहे, की ती विशिष्ट शिकवणी, ते विशिष्ट पुस्तक, की आपले मागे उभे राहणे नको आहे. हाती असलेली गत पुरी करू आणि मग ठरवू, असे म्हटले तर बहुतेक मुले मानतात. त्यानंतरही नको असेल तर नको. फीचा हिशेब त्याला ऐकवू नये. पियानो विकायचीही घाई करू नये. वर्षातून दोनदा सूर लावून घ्यावा, झाकणाला कुलूप घालू नये आणि वर फोटो व फुलदाण्या मांडू नयेत. झाकण उघडायला आधी दहा वस्तू हलवाव्या लागल्या तर कुणी उघडत नाही. आमच्या घरी सध्या नात येते तेव्हा तिच्या आईबरोबर बसते. मुलगी त्या मिन्युएटच्या दुसऱ्या भागाचा डावा हात वाजवते, नात उजवा. आम्ही दुसऱ्या खोलीत असतो, आणि दार लोटून घेतो.